जठरावरील शस्त्रक्रियेनंतर उशिरा उद्भवणारे आतड्यांचे दुर्मीळ विकार : एक विवेचन

प्रस्तावना :

पचनसंस्थेची आकृती ही शालेय जीवनापासून पदवीच्या वर्गापर्यंत विद्यार्थ्यांच्या परिचयाची असते. अन्ननलिका, जठर, ग्रहणी, रिक्तांत्र, शेषांत्र आणि बृहदांत्र हा अन्नाचा मार्ग जणू अपरिवर्तनीय आहे अशा रीतीने आपण तो शिकतो व शिकवितो. तथापि समाजात अशा अनेक व्यक्ती आहेत की ज्यांच्या शरीरातील हा मार्ग शस्त्रक्रियेने बदललेला आहे. कोणाची अल्सरसाठी, कोणाची कर्करोगासाठी, तर अलीकडच्या काळात कोणाची अतिस्थूलता कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेली असते. यांपैकी बहुसंख्य व्यक्ती पुढील आयुष्य समाधानाने जगतात. मात्र थोड्या व्यक्तींच्या बाबतीत कित्येक वर्षांनी, क्वचित वीस-तीस वर्षांनीही, आतड्यांचा एखादा गंभीर विकार उद्भवतो आणि त्याचे मूळ त्या जुन्या शस्त्रक्रियेत असते.

हे विकार दुर्मीळ असले तरी त्यांचे स्वरूप समजण्यास कठीण नाही. कठीण असते ते वर्तमान आजाराचा व जुन्या शस्त्रक्रियेचा संबंध वेळेत ध्यानात येणे. प्रस्तुत लेखात या विकारांची कारणमीमांसा करून, त्यांचे निदान का लांबते आणि ते लवकर व्हावे यासाठी रुग्णाकडील जुन्या कागदपत्रांचे काय मोल आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. शस्त्रक्रियेने बदललेली रचना :

निरोगी अवस्थेत जठरातील अन्न निर्गमद्वारातून थोडेथोडे ग्रहणीत उतरते. ग्रहणीत पित्त व स्वादुरस येऊन मिळतात. पुढे हे मिश्रण रिक्तांत्रात जाते. निर्गमद्वार हे एका दक्ष द्वारपालासारखे कार्य करीत असल्यामुळे अन्नाचे मोठे तुकडे सहसा पुढे जात नाहीत आणि पित्त फारसे मागे येत नाही.

जठराचा रोगग्रस्त भाग काढून अन्नमार्ग पुन्हा जोडण्याची यशस्वी शस्त्रक्रिया व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी केली. त्याच वर्षी त्यांचे सहकारी अँटोन वोल्फलर यांनी जठर न काढता रिक्तांत्राचे एक वेटोळे वर आणून ते जठराला जोडले. ही जोडणी गॅस्ट्रोजेजुनोस्टमी या नावाने ओळखली जाते. पुढे १८८५ मध्ये बिलरोथ यांनी जठराचा खालचा भाग काढून, ग्रहणीचे तोंड बंद करून, उरलेले जठर रिक्तांत्राला जोडले. ही पद्धत बिलरोथ-दोन म्हणून प्रसिद्ध झाली.

या जोडणीनंतर रिक्तांत्राच्या वेटोळ्याचे दोन भाग पडतात. ग्रहणीकडून पित्त व स्वादुरस जठराच्या जोडापर्यंत आणणारा पहिला भाग आणि तेथून सर्व मिश्रण पुढे नेणारा दुसरा भाग. या लेखात त्यांना अनुक्रमे 'आणणारे वेटोळे' व 'नेणारे वेटोळे' असे म्हटले आहे. प्रारंभीच्या काळातील शल्यचिकित्सकांना अशा जोडणीनंतर रुग्णास पित्ताच्या उलट्या होण्याचा अनुभव वारंवार आला. त्यावर उपाय म्हणून दोन्ही वेटोळी एकमेकांस जोडण्याची ब्राउन यांची पद्धत आणि आतडे इंग्रजी 'वाय' अक्षराप्रमाणे जोडण्याची सेझार रू यांची पद्धत १८९० च्या दशकात पुढे आली.

या सर्व रचनांत तीन गोष्टी समान आहेत. पहिली, निर्गमद्वाराचे नियंत्रण नाहीसे होते किंवा टाळले जाते. दुसरी, आतडे नैसर्गिक जागेवरून उचलून वर आणल्यामुळे पोटात पूर्वी नसलेल्या फटी निर्माण होतात. तिसरी, जठरातील आम्लाशी सामना करण्याची क्षमता नसलेले रिक्तांत्र आता थेट जठराला जोडलेले असते. पुढे वर्णन केलेले सर्व विकार या तीन बदलांतून समजावून घेता येतात.

२. प्रमुख विकार :

अ) आणणाऱ्या वेटोळ्याचा अवरोध

आणणारे वेटोळे एका टोकाला बंद असते. त्याचे दुसरे टोक, म्हणजे जठराजवळील जोड, पीळ पडून, चिकटून, आकुंचन पावून किंवा गाठीमुळे अडले की ते दोन्ही बाजूंनी बंद झालेल्या पिशवीसारखे होते. पित्त व स्वादुरस मिळून दररोज एक ते दोन लिटर द्रव त्यात येतच राहतो. परिणामी आतला दाब वाढत जातो.

अवरोध अपूर्ण असल्यास लक्षणे वैशिष्ट्यपूर्ण असतात. जेवणानंतर थोड्या वेळाने पोटाच्या वरच्या भागात ताण व वेदना सुरू होतात, त्या वाढत जातात आणि अचानक जोराची पित्ताची उलटी होऊन तत्काळ आराम पडतो. उलटीत अन्न जवळजवळ नसते, कारण अन्न तोपर्यंत नेणाऱ्या वेटोळ्यातून पुढे गेलेले असते. अवरोध पूर्ण असल्यास मात्र पित्त जठरापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून उलटीत पित्त दिसत नाही. अशा वेळी आतडे कुजण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो व तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते.

येथे दोन गोष्टी दिशाभूल करतात. आतड्याच्या अवरोधात साध्या एक्स-रेमध्ये वायूने फुगलेली वेटोळी दिसावीत अशी अपेक्षा असते. परंतु या बंद वेटोळ्यात वायू नसून द्रव असल्यामुळे एक्स-रे जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. शिवाय दाबामुळे स्वादुपिंडावर परिणाम होऊन रक्तातील अमायलेज वाढते व स्वादुपिंडदाहाचे निदान केले जाते. सीटी स्कॅनमध्ये मात्र द्रवाने भरलेले, इंग्रजी 'सी' किंवा 'यू' अक्षराच्या आकाराचे वेटोळे दिसते आणि उलगडा होतो.

आ) आतड्याचे जठरात शिरणे

जठराला जोडलेले रिक्तांत्र त्याच जोडातून उलट दिशेने जठराच्या पोकळीत शिरणे, हा विकार अत्यंत विरळ आहे. गॅस्ट्रोजेजुनोस्टमीनंतरच्या अशा घटनेची पहिली नोंद बोझी यांनी १९१४ मध्ये केली. आणणारे वेटोळे शिरणे, नेणारे वेटोळे शिरणे आणि दोन्ही शिरणे असे त्याचे तीन प्रकार मानले जातात. त्यांपैकी दुसरा प्रकार सर्वाधिक आढळतो. आतड्याच्या आकुंचनाची लाट उलट्या दिशेने जाणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

अचानक तीव्र वेदना, उलट्या, पुढे रक्ताची उलटी आणि पोटाच्या डाव्या वरच्या भागात हाताला लागणारा गोळा, अशी लक्षणांची मालिका असते. जठरात अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबल्यामुळे रक्तस्राव होतो. अशा रुग्णास रक्ताची उलटी झाली की प्रथम अल्सरचाच विचार मनात येतो. पूर्वीच्या जोडणीची माहिती असल्यास एंडोस्कोपीत जठरात दिसणाऱ्या लाल-काळ्या वळ्यांचा अर्थ लगेच लागतो. ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे १० टक्के असते व विलंब झाल्यास ते ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. दुर्मीळ विकारात काही तासांचे काय मोल असते, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

इ) जठर, रिक्तांत्र व बृहदांत्र यांमधील नालव्रण

जठरातील आम्लामुळे जोडाजवळच्या रिक्तांत्रात नवा व्रण होऊ शकतो. मूळ शस्त्रक्रियेत जठराचा पुरेसा भाग काढला गेला नसेल किंवा आम्लनिर्मितीस चालना देणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या सर्व शाखा छेदल्या गेल्या नसतील, तर ही शक्यता वाढते. हा व्रण वर्षानुवर्षे खोल जात राहिल्यास शेजारीच असलेल्या बृहदांत्राची भिंत भेदतो. त्यातून जठर, रिक्तांत्र व बृहदांत्र यांना जोडणारी अनैसर्गिक वाट म्हणजेच नालव्रण तयार होतो. या विकाराचे पहिले वर्णन चेर्नी यांनी १९०३ मध्ये केल्याचे मानले जाते. शस्त्रक्रियेनंतर वीस किंवा तीस वर्षांनीही तो प्रकट झाल्याच्या नोंदी आहेत.

दीर्घकालीन जुलाब, झपाट्याने घटणारे वजन आणि विष्ठेसारखी दुर्गंधी असलेले ढेकर किंवा उलटी ही त्याची तीन मुख्य लक्षणे होत. जठरातील अन्न थेट बृहदांत्रात उतरत असल्यामुळे जुलाब होतात, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात मुख्य कारण वेगळे आहे. बृहदांत्रातील जीवाणूयुक्त मल उलट दिशेने रिक्तांत्रात शिरतो आणि तेथील अन्नशोषण बिघडवितो. याचा पुरावा एका जुन्या उपचारपद्धतीत सापडतो. पूर्वी अशा अशक्त रुग्णांवर प्रथम केवळ बृहदांत्राचा सुरुवातीचा भाग पोटावर उघडून मल बाहेर वळविला जात असे. नालव्रण तसाच असूनही मलाचा प्रवाह त्यापर्यंत पोहोचेनासा झाला की जुलाब थांबत आणि रुग्णाचे वजन वाढू लागे. आज उत्तम पोषण व प्रतिजैविकांच्या साहाय्याने रुग्णाची तयारी करून बहुधा एकाच शस्त्रक्रियेत हा सर्व भाग काढला जातो. तपासणीतही हेच तत्त्व उपयोगी पडते. तोंडावाटे दिलेल्या बेरियमपेक्षा गुदमार्गे दिलेल्या बेरियमने ही वाट अधिक खात्रीने दिसते.

ई) अंतर्गत हर्निया

आतड्यास पोटाच्या मागील भिंतीशी जोडणाऱ्या पातळ पडद्यास आंत्रबंध म्हणतात. रक्तवाहिन्या त्यातूनच आतड्याकडे जातात. जठराला जोडण्यासाठी आतडे वर आणले की त्याच्या आंत्रबंधामागे एक फट राहते. या फटीत आतडे अडकण्याचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक वॉल्टर पीटरसन यांनी १९०० मध्ये केले. म्हणून तिला पीटरसनची फट असे नाव आहे. 'वाय' पद्धतीत आतड्याच्या खालच्या जोडापाशीही आणखी एक फट निर्माण होते.

शस्त्रक्रियेच्या वेळी लहान असलेली फट पुढे मोठी होऊ शकते. स्थूलतेसाठी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचे वजन घटते तशी आंत्रबंधातील चरबीही घटते आणि फट सैल होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटातील अवयव एकमेकांस कमी चिकटतात. हा एरवीचा लाभच आहे, परंतु त्यामुळे आतड्यास हालचालीची मोकळीकही अधिक मिळते. गर्भावस्थेत वाढणारे गर्भाशय आतड्यांना वर ढकलते, त्यामुळे अशी शस्त्रक्रिया झालेल्या गर्भवतीच्या पोटदुखीकडे विशेष गांभीर्याने पाहावे लागते.

आतडे कधी अडकते व आपोआप सुटते, त्यामुळे वेदना येतात आणि जातात. तपासणीच्या वेळी आतडे मोकळे असेल तर सीटी स्कॅनही निर्दोष येऊ शकतो. भोवऱ्यासारख्या वळलेल्या रक्तवाहिन्या दिसल्यास ती महत्त्वाची खूण मानली जाते. लक्षणे तीव्र व शंका सबळ असल्यास अहवाल निर्दोष असतानाही दुर्बिणीतून पोटाची पाहणी करणे योग्य ठरते.

फटी टाके घालून बंद कराव्यात की नाही, याविषयी स्वीडनमधील १२ रुग्णालयांत २,५०७ रुग्णांवर तुलनात्मक अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. फटी उघड्या ठेवलेल्या गटात तीन वर्षांत आतड्याच्या अवरोधासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १०.२ टक्के, तर फटी बंद केलेल्या गटात ५.५ टक्के होते. मात्र फटी बंद केलेल्या गटात पहिल्या ३० दिवसांतील गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण थोडे अधिक, म्हणजे २.८ टक्क्यांऐवजी ४.३ टक्के आढळले. फटी बंद केल्याने धोका घटतो, तथापि तो शून्य होत नाही, हे या अभ्यासावरून स्पष्ट होते.

उ) चोथ्याच्या गोळ्यामुळे होणारा अवरोध

निर्गमद्वार नसले, आम्ल घटले व जठराची घुसळण मंदावली की फळे-भाज्यांतील तंतू नीट न फुटता एकत्र येऊन त्यांचा घट्ट गोळा होतो. हा गोळा रुंद जोडातून सहज लहान आतड्यात उतरतो व शेषांत्राच्या अरुंद भागात अडकतो. दात पडलेल्या वृद्धांत ही शक्यता अधिक असते. संत्रे-मोसंबीच्या फोडींवरील पापुद्रे व तंतू हे याचे परिचित कारण आहे. फोड चोखून चोथा टाकून देण्याची आपल्याकडील सवय अशा व्यक्तीसाठी शास्त्रीयदृष्ट्याही योग्य ठरते. अन्न बारीक चावून खाणे व दातांची काळजी घेणे हा या विकाराचा सर्वांत सोपा प्रतिबंध आहे.

३. निदान का लांबते?

वरील विवेचनावरून असे दिसते की, हे विकार वेगवेगळे असले तरी त्यांत एक समान अडचण आहे. प्रत्येक विकार दुसऱ्या एखाद्या नेहमीच्या आजाराचे रूप घेऊन येतो. पहिला स्वादुपिंडदाहासारखा, दुसरा अल्सरच्या रक्तस्रावासारखा, तिसरा जुनाट जुलाबासारखा, तर चौथा साध्या पोटदुखीसारखा भासतो. 'पोटावर पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे?' या एका प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाल्यास चित्र पालटते. परंतु हे उत्तर मिळणेच दिवसेंदिवस दुरापास्त होत आहे. त्याची कारणे वैद्यकाच्या इतिहासात आहेत.

एकेकाळी अल्सरवरील शस्त्रक्रिया सर्वत्र मोठ्या प्रमाणावर होत असत. ग्रहणीच्या अल्सरमुळे जठराचे निर्गमद्वार आकुंचित झालेल्या रुग्णांवर व्हेगस मज्जातंतू छेदून गॅस्ट्रोजेजुनोस्टमी करणे ही भारतातही प्रचलित पद्धत होती. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे आम्लनिर्मिती रोखणारे औषध बाजारात आले आणि १९८० च्या दशकाअखेर ओमेप्राझोल उपलब्ध झाले. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू व अल्सर यांचा संबंध दाखवून दिला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जो आजार सुरीने बरा होत असे तो गोळ्यांनी बरा होऊ लागला. हे वैद्यकाचे मोठे यश होय. मात्र त्यामुळे या शस्त्रक्रिया व त्यांच्या उशिराच्या गुंतागुंती प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांची पिढी निवृत्त होत आहे. ज्यांच्यावर त्या झाल्या ते रुग्ण आज वृद्ध आहेत आणि 'तरुणपणी पोटाचे ऑपरेशन झाले होते' यापलीकडे त्यांना सहसा सांगता येत नाही.

दुसरीकडे, अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रियांमुळे याच जोडण्या नव्या रूपात परत आल्या आहेत. १९६६ मध्ये एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ पासून केलेल्या एकाच जोडाच्या पद्धतीत रिक्तांत्राचे सलग वेटोळे जठराच्या नळीसारख्या भागास जोडले जाते. म्हणजे तत्त्वतः ती बिलरोथ-दोनच्या जवळ जाते. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतही अशा शस्त्रक्रिया होत आहेत. हे रुग्ण बहुधा तरुण वा मध्यमवयीन असतात. पुढे ते नोकरीनिमित्त अन्यत्र जातात आणि पोटात दुखू लागल्यावर त्यांची जुनी शस्त्रक्रिया ठाऊक नसलेल्या डॉक्टरांकडे पोहोचतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे व्रणही इतके लहान असतात की, पाहणाऱ्याला ते सहज जाणवत नाहीत.

४. नोंदींचे महत्त्व :

या परिस्थितीत रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड व शस्त्रक्रियेची टिपणे हे केवळ कार्यालयीन कागद राहत नाहीत, तर ते भावी उपचाराचेच एक साधन ठरतात. आपल्या क्षेत्रात मात्र या कागदांचा प्रवास वेगळा असतो. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव सादर करताना देयकांसोबत मूळ कागदपत्रे जोडली जातात. प्रस्ताव मंजूर होतो, रक्कम मिळते आणि कागद कार्यालयाच्या नस्तीत राहतात. वीस वर्षांनंतर मध्यरात्री पोटदुखीने रुग्णालयात जावे लागले, तर ती नस्ती कोण शोधणार? या दृष्टीने पुढील बाबी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

१) प्रस्ताव सादर करण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड व शस्त्रक्रियेच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती काढून घरी जपून ठेवाव्यात व मोबाईलमध्ये त्यांचे छायाचित्र ठेवावे.

२) शस्त्रक्रियेचे नेमके नाव, तारीख व शक्य असल्यास शल्यचिकित्सकाने काढलेली जोडणीची आकृती मागून घ्यावी. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेत फटी बंद केल्या आहेत किंवा नाहीत याची नोंद घ्यावी.

३) कुटुंबातील किमान एका व्यक्तीस ही माहिती असावी. घरातील वृद्धांच्या जुन्या शस्त्रक्रियेविषयी ते सांगू शकतात तोवरच विचारून लिहून ठेवावे.

४) जेवणानंतर वारंवार पोट दुखून पित्ताची उलटी होणे, रक्ताची उलटी, न थांबणारे जुलाब व वजन घटणे, किंवा अधूनमधून येणारी तीव्र पोटदुखी यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता शल्यचिकित्सकास भेटावे आणि जुन्या शस्त्रक्रियेची माहिती प्रथम सांगावी.

अर्थात, अशा प्रत्येक व्यक्तीने भयग्रस्त राहावे असा याचा अर्थ नाही. या व्यक्तींच्या बहुतेक पोटदुखीचे कारण सर्वसामान्यच असते. वरील विकार विरळ आहेत. मात्र ते वेळेत ओळखले गेल्यास त्यांपैकी बहुतेकांवर परिणामकारक उपचार होऊ शकतात.

समारोप :

जठरावरील शस्त्रक्रियेने अन्नाचा मार्ग कायमचा बदलतो. आणणाऱ्या वेटोळ्याचा अवरोध, आतड्याचे जठरात शिरणे, नालव्रण, अंतर्गत हर्निया आणि चोथ्याचा गोळा हे त्या बदललेल्या रचनेचेच उशिराचे परिणाम होत. त्यांचे निदान लांबण्यामागे यंत्रसामग्रीच्या अभावापेक्षा स्मृतीचा अभाव हे मोठे कारण आहे. शस्त्रक्रिया विस्मृतीत जाते, कागद हरवतो आणि नवा आजार पूर्वेतिहासाविना डॉक्टरांसमोर येतो. वर्गात पचनसंस्थेची आकृती शिकविताना, प्रत्येक व्यक्तीच्या शरीरातील आकृती तशीच असेल असे नाही, एवढे एक वाक्य आपण विद्यार्थ्यांना सांगू शकतो. त्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने घरी जाऊन आपल्या आजोबांना त्यांच्या पोटावरील जुन्या व्रणाविषयी विचारले आणि ते वहीत लिहून ठेवले, तर ती नोंद पुढे एखाद्या रात्री त्या आजोबांच्या उपचाराची दिशा ठरवू शकेल.